मणका ‘बसवून’ घेण्याआधी

कुत्र्या-मांजरांच्या पाठीवर हाताने झटका देऊन मणके मोकळे करण्याचे व्हिडिओ सध्या घराघरांत पाहिले जातात. या अंकासाठी आलेले बरेच प्रश्न त्याच विषयावरचे आहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. शेवटचा प्रश्न बैलाचा आहे, पण ‘हाड सरकलंय’ ही समजूत तिथेही तीच आहे.

आमचा डॅशहाउंड पाच वर्षांचा आहे. परवापासून सोफ्यावर उडी मारत नाही, पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, उचलायला गेलं की ओरडतो. चालतो मात्र नीट. मणके जागेवर बसवून देणारे एक गृहस्थ घरी येतात असं कळलं. व्हिडिओत कुत्री लगेच उड्या मारताना दिसतात. बोलवावं का? (एक वाचक, पुणे)

बोलवू नका. आजच पशुवैद्यकाकडे न्या, आणि नेताना चालवत नेऊ नका.

जात, वय आणि लक्षणं ही तिन्ही पाहता मणक्यांमधली गादी फुटली असण्याची शंका सर्वांत आधी घ्यायला हवी. गादीला बाहेरून चिवट पापुद्र्यांचं कडं असतं आणि आत मऊ गर. डॅशहाउंड, बीगल, शित्झू, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग या जातींत हा गर पिल्लू वर्षाचं होईतोच सुकायला लागतो आणि त्यात चुना साठतो. तीन ते सात या वयात कधीतरी, एखाद्या साध्या उडीनेही, कडं फाटतं. ते मज्जारज्जूच्या बाजूला पातळ असल्यामुळे गर नेमका तिकडेच उसळतो. बहुतेक वेळा हे घडतं ते बरगड्या संपून कंबर सुरू होते त्या टापूत. त्याच्या पुढच्या छातीच्या भागात डाव्या-उजव्या बरगड्यांना जोडणारा एक आडवा बंध गादीवरून जातो आणि तिला आवरून धरतो. शेवटच्या बरगड्यांपाशी हा बंध नसतो.

फाटलेल्या कड्यावर पीळ किंवा झटका बसला की उरलेला गरही बाहेर येऊ शकतो. नुसता दुखत असलेला कुत्रा त्यानंतर मागच्या पायांनी लुळा पडू शकतो. हात कितीही सराईत असला तरी त्याला गादीची आतली अवस्था बोटांनी कळत नाही. साध्या एक्स-रेतही मज्जारज्जू दिसत नाही, फार तर दोन मणक्यांमधली जागा अरुंद झालेली दिसते. खात्री हवी तर एमआरआय किंवा सीटी लागतो.

घरी एक तपासणी करता येईल. पोटाखाली हाताचा आधार देऊन कुत्र्याला उभं करा आणि मागचा एक पंजा असा दुमडा की त्याची वरची बाजू जमिनीला टेकेल. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. तो तसाच ठेवला किंवा सावकाश सरळ केला, तर मज्जारज्जूवर दाब आला आहे असं धरून चाला. चालताना मागची नखं फरशीवर घासल्याचा आवाज येत असेल तर तीही तीच खूण.

नुसतं दुखणं किंवा थोडं डळमळणं असेल, तर बहुतेक कुत्री औषध आणि सक्तीच्या विश्रांतीने सुधारतात. ही विश्रांती निदान चार आठवडे, बरेचदा सहा. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढाच पिंजरा हवा. खोलीत मोकळा सोडून ‘तो शांतच बसतो’ म्हणणं म्हणजे विश्रांती नव्हे. शी-शूसाठी दिवसातून चार-पाच वेळा, पाच मिनिटं, छातीच्या पट्ट्याने बाहेर न्यायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली आणि पाठ जमिनीला समांतर. काखेत हात घालून लहान मुलासारखं उभं उचलायचं नाही.

इथे सर्वाधिक चुका होतात त्या पाचव्या-सहाव्या दिवशी. वेदनाशामकाने बरं वाटायला लागतं, घरातल्यांना पिंजऱ्यातल्या जिवाची दया येते आणि दार उघडलं जातं. कडं तोवर भरून आलेलं नसतं. दुखत नाही म्हणून कुत्रा उडी मारतो आणि पुन्हा फुटतं. दुसरी चूक औषधांची. माणसांचं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नका, त्याने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एका डॉक्टरांचं स्टिरॉइड चालू असताना दुसऱ्यांचं सूज कमी करणारं वेदनाशामक सुरू करणंही तितकंच घातक आहे. आधीची चिठ्ठी सोबत न्या.

चालणं बंद झालं तर मात्र तास मोजा. बोटाला चिमटा घेतल्यावर पाय आखडला म्हणून संवेदना आहे असं समजू नका. ती खालच्या मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि पूर्ण लुळ्या कुत्र्यातही दिसते. त्याने मान वळवून पाहिलं, ओरडलं, चावायला आला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचते आहे. ही खोल वेदना शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहांतली नऊ कुत्री पुन्हा चालतात. ती गेल्यानंतर हे प्रमाण जेमतेम निम्म्यावर येतं, आणि शस्त्रक्रियेविना चालायला लागणारी फारच थोडी. अशा वेळी पहिला दिवस वाया घालवू नका. शिवाय लुळ्या कुत्र्याला लघवी होते आहे ना ते पाहा. अंथरूण ओलं दिसलं तरी मूत्राशय तुडुंब असू शकतं, भरून वाहणारी लघवी ठिबकत असते. ते दिवसातून तीन-चार वेळा दाबून रिकामं कसं करायचं हे दवाखान्यातच हात धरून शिकून घ्या.

व्हिडिओतली कुत्री उड्या मारतात, कारण अनोळखी माणसाने सोडल्याचा उत्साह असतो आणि आखडलेला स्नायू थोडा वेळ सैलही पडतो. ती दुसऱ्या दिवशी कशी चालत होती ते व्हिडिओत नसतं.

झटका दिल्यावर जो ‘कट्’ आवाज येतो, तो हाड जागेवर बसल्याचा असतो का? (एक वाचिका, ठाणे)

नाही. मणक्यांना जोडणारे छोटे सांधे वंगणासारख्या द्रवाने भरलेले असतात. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. आवाज तिचा. बोटं मोडतानाही हेच होतं, आणि म्हणूनच एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला असं नाही, आणि आला नाही म्हणून वाया गेला असंही नाही.

‘मणका सरकला, तो बसवला’ ही भाषा जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट इथे डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देण्याची उपचारपद्धती, सुरू केलं, तेव्हा मणका जागचा हलून मज्जातंतू दाबतो आणि त्यातून रोग होतात अशी त्यांची मांडणी होती. अमेरिकेत प्राण्यांवर हाच उपचार करणाऱ्यांची संघटना 1989 मध्ये निघाली आणि ती भाषा सोबत आली. प्रत्यक्षात कुत्र्याचे मानेचे 7, छातीचे 13 आणि कमरेचे 7 असे 27 मणके स्नायू, बंध आणि सांध्यांनी असे जखडलेले असतात की खरोखर सरकलेला मणका म्हणजे अपघातातली गंभीर इजा. तिथे शल्यचिकित्सक लागतो.

मग चांगल्या हाताच्या उपचाराने आराम पडतो तो कशाने? आखडलेला सांधा थोडा मोकळा हलतो, भोवतीच्या स्नायूंचा ताठरपणा कमी होतो आणि दाब दिल्यावर वेदना जाणवण्याची मर्यादा काही काळ वाढते. या शेवटच्या परिणामाचा अभ्यास घोड्यांवर बऱ्यापैकी झाला आहे, कुत्र्यांवर फार कमी आणि मांजरांवर जवळजवळ नाहीच. म्हणून हा उपचार वेदना आणि ताठरपणापुरता ठेवावा. अपस्मार, ॲलर्जी, कानाचा संसर्ग, जुलाब यांवर मणके दाबून गुण येतो असं कुणी सांगितलं तर तिथून निघा.

लॅब्रॉडॉर, वय 11, वजन 38 किलो. संधिवात आहे असं डॉक्टर म्हणतात. सकाळी उठायला त्रास होतो, दहा मिनिटं चालल्यावर मोकळा होतो. औषध चालू आहे. मणक्यांवरचा हाताचा उपचार करून पाहावा का? घरी काय करता येईल? (एक वाचक, नाशिक)

निदान झालेलं आहे, औषध चालू आहे, मज्जारज्जूची लक्षणं नाहीत. जोडीला हाताचा उपचार करून पाहायला हे बऱ्यापैकी योग्य प्रकरण आहे. दुखणं पायाच्या सांध्यांत असलं तरी कुत्रा अंगाचा भार पुढे टाकून चालतो आणि खांदे, पाठ, कंबर आखडतात. तेवढा भाग सैल करता येतो. झिजलेला सांधा मात्र त्याने भरून येत नाही.

त्याआधी रक्ताची एक तपासणी करून घ्या. आपल्याकडे गोचीडताप सर्रास आढळतो आणि त्यातही कुत्रा ताठ चालतो, पाठ कमानदार ठेवतो, सांधे दुखतात. या तापात रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. फार खाली गेलेल्या असताना जोरात दाबलं-चोळलं तर कातडीखाली, स्नायूंत रक्त उतरतं. ताप असेल, किंवा कण्यावर एकाच जागी बोट ठेवताच ओरडत असेल, तर गादीचा जंतुसंसर्ग किंवा हाडाची गाठ नाही हे आधी ठरलं पाहिजे. पोखरलेल्या हाडावर झटका देणं म्हणजे ते मोडायला बोलावणं.

नीट घेतलेलं सत्र कसं असतं ते माहीत असू द्या. आधी कुत्र्याला चालवून, वळवून पाहतात. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटांनी चाचपत एकेक सांधा किती हलतो ते बघतात. झटका दिलाच तर तो एकाच सांध्यावर, अगदी छोटा आणि सांध्याच्या नैसर्गिक हालचालीच्या आत. कुत्रा जागा असतो, उभा किंवा आडवा. भुलीचं इंजेक्शन देऊन झटके देणं चुकीचं आहे, कारण नको तिथे अंग आखडून स्वतःला सांभाळण्याची त्याची सोय भुलीत जाते. मागचे पाय धरून उलटं लोंबकळवणं, डोकं आणि शेपूट ओढणं, मान गर्रकन फिरवणं यातलं काही दिसलं तर सत्र तिथेच थांबवा. दुसऱ्या दिवशी थोडा ताठरपणा चालेल. तोल जाणं, पाय घासणं, जेवण टाकणं चालणार नाही.

फायदा मोजायची सोय आधीच करा. रोज त्याच जागी, त्याच वेळी, झोपेतून उठून उभं राहायला किती सेकंद लागतात ते लिहा आणि दहा पावलांचं चालणं मागून आणि समोरून मोबाइलवर टिपा. एक-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन सत्रं झाली तरी वहीत फरक दिसला नाही, तर पैसे तिथे घालू नका.

वजन मात्र उतरवाच, सर्वांत मोठा फायदा त्यातच आहे. लठ्ठ कुत्र्याचं वजन सहा-सात टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं दिसतं. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत हे अडीच किलोच्या आसपास आहे. आठवड्याला 300 ते 400 ग्रॅम उतरलं तर पुरे. खाणं कपाने न घालता काट्यावर तोलून घाला. चहाबरोबरची बिस्किटं, पोळीचा तुपाचा तुकडा, आजी-आजोबांनी हळूच दिलेला लाडू हे सगळं त्याच हिशेबात धरा. फासळ्या डोळ्यांना न दिसता हाताला सहज लागल्या पाहिजेत.

मग फरशी. गुळगुळीत टाइल्सवर म्हातारा कुत्रा दिवसभर पाय फाकू नयेत म्हणून अंग आवळून उभा असतो आणि पाठ आखडण्याचं ते रोजचं कारण होऊन बसतं. सतरंजी स्वतःच घसरते. खाली रबर असलेल्या पायपुसण्या किंवा रबरी मॅट अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग घाला. नखं वाढू देऊ नका, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा.

सकाळी फिरायला नेण्याआधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दहा-पंधरा मिनिटं कमरेवर आणि मांड्यांवर ठेवा. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. विजेची शेकण्याची पिशवी नको, भाजतं आणि त्याला उठून बाजूला होता येत नाही. नंतर तळहाताने कण्याच्या दोन्ही बाजूंना, स्नायूंवर, मानेपासून कमरेकडे हळू दाबत जा. मधल्या हाडाच्या कण्यावर अंगठे रोवायचे नाहीत. मग खाऊचा तुकडा नाकापुढे धरून त्याची मान आधी खांद्याकडे, मग फासळीकडे, मग मांडीकडे वळवायची. पाच सेकंद थांबायचं आणि प्रत्येक बाजूला तीनदा. मान तुम्ही वळवायची नाही, खाऊच्या मागे त्याने वळवायची, म्हणजे दुखेल तिथे तो आपण होऊन थांबतो. आठवडाभराने बसून उठण्याचा व्यायाम पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. दोन्ही मागचे पाय अंगाखाली सारखे असले पाहिजेत. एक पाय बाहेर टाकून बसत असेल तर भिंतीला लागून बसवा. दहापर्यंत हळूहळू वाढवा. रविवारी एकदम तासभर टेकडी आणि बाकी आठवडा घरात, हा क्रम या कुत्र्यांना सर्वांत जाचतो. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या बऱ्या.

पॉमेरेनियन, तीन वर्षांची. साखळी ओढली की कळवळते, मान खाली धरून बसते. मान मोकळी करून घ्यावी का? (एक वाचिका, कोल्हापूर)

मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ या चिमुकल्या जातींत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा जोड जन्मतःच सैल असू शकतो. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका नीट घडलेला नसतो किंवा त्याला धरणारे बंध कच्चे असतात. मान जोराने पुढे वाकली की दुसरा मणका मज्जारज्जूत रुततो. त्याने चारही पाय जातात, श्वासही थांबू शकतो. एक्स-रे काढतानासुद्धा मान वाकवण्याबाबत जपावं लागतं, म्हणून ही शंका पशुवैद्यकांना आधी सांगा. गळ्याचा पट्टा आजच काढा आणि छातीचा घाला. जेवणाचं भांडं छातीच्या उंचीवर ठेवा.

मांजराचे मागचे दोन्ही पाय अचानक गेले, जोरजोरात ओरडतंय. शेजारी म्हणतात उडी मारताना मणका सरकला, चोळून द्या. अशा वेळी काय करायचं? (एक वाचक, डोंबिवली)

चोळू नका, पाय हातात घेऊन पाहा. मागचे पंजे पुढच्यांपेक्षा गार लागत असतील, तळव्याच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसत असतील, मांडीच्या आतली नाडी लागत नसेल, तर दोष कण्यात नाही. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी महारोहिणीच्या दुभाजणीत येऊन अडकली आहे. वेदना भयंकर असते. तासाभरात दवाखाना गाठा. पाय शेकू नका, पॅरासिटामॉल मुळीच नको. मांजराला त्याची एक गोळीही जिवावर बेतते.

हा उपचार करणारा माणूस खरा जाणकार आहे हे कसं ओळखायचं? (एक वाचक, नागपूर)

पहिला प्रश्न नोंदणीचा विचारा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना आहे. आपल्या राज्यातली नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते आणि तिचं कार्यालय तुमच्याच शहरात आहे. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको. माणसांचं फिजिओथेरपीचं किंवा कायरोप्रॅक्टिकचं शिक्षण कितीही उत्तम असलं तरी कुत्र्याचं निदान त्यातून येत नाही. अशा व्यक्तीने पशुवैद्यकांच्या सांगण्यावरून आणि देखरेखीखाली काम करावं. ब्रिटनमध्येही रीत हीच आहे, तिथे पशुवैद्यकाने तपासून सांगितल्याशिवाय फिजिओथेरपीसारखा उपचार इतरांनी करायचा नसतो.

दुसरं, तो माणूस हात लावण्याआधी काय विचारतो ते ऐका. आधीचे रिपोर्ट, औषधं, पडल्याचा इतिहास, लघवी-शीवरचा ताबा यांची चौकशी करून पंजा दुमडण्याची तपासणी तो करत असेल तर बरं लक्षण. ‘तपासणी नको, मला हाताला कळतं’ म्हणणाऱ्याला निरोप द्या. पहिल्याच भेटीत दहा-बारा सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यालाही.

बैलाचा मागचा पाय सकाळी मागे ताठ अडकतो, खूर घासत चालतो, मग झटक्याने पुढे येतो. थोडं चालल्यावर मोकळा होतो. गावातले हाडवैद्य खुब्याचं हाड सरकलं म्हणतात आणि दोर बांधून ओढणार आहेत. (एक शेतकरी, सांगली)

ओढू देऊ नका. खुबा खरोखर निखळला असता तर पाय थोड्या चालण्याने मोकळा झाला नसता. तुम्ही लिहिलेलं वर्णन गुडघ्याची वाटी वर अडकण्याचं आहे. कामाच्या बैलांत हे आपल्याकडे नेहमी आढळतं. वाटीला खाली धरणाऱ्या तीन बंधांपैकी आतल्या बाजूचा बंध मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकतो आणि पाय वाकेनासा होतो. दोराने ओढल्यास तो बंध, सांध्याचं आवरण आणि स्नायू दुखावतात. अडकण्याचं कारण तसंच राहतं.

यावर छोटी शस्त्रक्रिया आहे. जागा बधिर करून आतला बंध कापतात. काम काही मिनिटांचं आहे आणि बहुतेक बैल उठून लगेच सरळ पाऊल टाकतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. नेताना बैल आदल्या रात्रीपासून बांधून ठेवा आणि सकाळी चालवण्याआधीच दाखवा, नाहीतर तिथे पोचेपर्यंत तो मोकळा होतो आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. अडकलेला पाय घरीच मोबाइलवर टिपून ठेवलात तरी उपयोग होईल. खुराचं पुढचं टोक घासून किती झिजलंय तेही दाखवा. शस्त्रक्रियेनंतर जखम माशांपासून जपा, गोठ्याची जमीन कोरडी ठेवा आणि डॉक्टर सांगतील तोवर बैल औताला जुंपू नका.